वऱ्हाडाच्या माळावर बसा म्हणत नाहीत

कादरभाई,

तुम्ही गेलात हे मला आसेगावच्या बाजारात कळले. तुमच्या बांगड्यांच्या नेहमीच्या जागी, चिंचेखाली, एक मिरच्या विकणारी बाई बसली होती. मनियार आज आले नाहीत काय, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "तो कारंज्याचा म्हतारा? तो तं गेला ना जी मांगच्या हप्त्यात." आणि तिने तागडीत मिरच्या टाकल्या. मी मिरच्यांचा भाव विचारला. तो मला जास्त वाटला. तसे मी बोललो, तिने थोडा कमी केला, आणि मी पावशेर मिरच्या घेतल्या. चढाची सगळी वाट मी ती पिशवी या हातातून त्या हातात घेत होतो. तुम्ही म्हातारे नव्हता, हे तिला सांगायचे राहिले, एवढेच वाटेत मनात येत होते. मला अजून रडू आलेले नाही. हे आधीच सांगून टाकतो. तुमच्याजवळ खोटे बोलून काय मिळवायचे?

घरी सांगितले तेव्हा बायको चुलीपुढे होती. डाव्या मनगटावरच्या बांगड्या उजव्या हाताने झाकून ती रडू लागली. तिच्या लग्नाचा चुडा तुम्हीच भरला होता. तिचा हात लहान आणि ताठ. तुम्ही अंगठ्याखालचे हाड दाबत, कसली तरी गोष्ट सांगत, बांगडी केव्हा चढवली ते तिला कळलेच नाही, असे ती अजून सांगते. तिच्या वाट्याचे रडणे तिला लगेच सापडले. मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि मिरच्या कुठे ठेवू, असे विचारले. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांकडून पावकी-निमकीचे पाढे म्हणवून घेतले. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. एका मुलाने चूक केली, ती माझ्या लक्षातही आली. आपला एवढा मनुष्य गेला आणि आपल्या कानाला निमकीतली चूक ऐकू येते, याची मला लाज वाटली. पण लाजही कुठे लांबून आल्यासारखी वाटली.

मला माळाविषयी लिहायचे आहे. बाकीचे तुमच्याविषयी कारंज्यात सांगणारे पुष्कळ आहेत.

मी या डोंगरातल्या गावी शाळेवर नवा आलो तेव्हा वाट दाखवायला तुम्हीच भेटलात. खांद्यावर बांगड्यांच्या माळांचे गाठोडे, डोक्यावर टोपी, आणि पाय असे चालणारे की मी पंचविशीतला मागे पडत होतो. सागाच्या रानातून वर आल्यावर एकदम मोकळा माळ लागला. कमरेएवढे पिवळे गवत, आणि त्यात वर्तुळ करून ठेवलेले काळे दगड. काही गुडघ्याएवढे, काही छातीएवढे, काही एकमेकांकडे झुकलेले. वर्तुळाच्या बाहेर, जरा दूर, एक उंच सडपातळ दगड एकटाच उभा. खाली अडाण नदीचे वळण, पलीकडे फुटलेल्या कापसाची शेते, आणि त्यांच्याही पलीकडे डोंगरांच्या निळ्या रांगा. मला वाटले, देवाने ही जागा पाहण्यासाठीच ठेवली आहे. मी घाम पुसला आणि तुम्हाला काही म्हणणार, तोच तुम्ही माझ्या तोंडापुढे तळहात धरलात.

"अं हं गुरुजी. इथं तो शब्द काढाचा नाई."

कुठला शब्द, हे तुम्ही उतारावर लागल्यानंतर सांगितलेत. लग्न लावून एक वऱ्हाड परत निघाले होते. ते या माळावर दम खायला टेकले. तिथे पान कोणाला आधी दिले यावरून नवरदेवाचा मामा रुसला. मामा रुसला म्हणून काका रुसला. ऊन चढले, दिवस कलला, नवरी बिचारी शालू सावरत उभी, आणि वऱ्हाडी काही उठेनात. शेवटी तिचाच जीव कावला आणि ती म्हणाली, बसा मग. ते बसले ते बसलेच. आणि त्यांची वाट पाहत तीही उभ्या उभ्या दगड झाली. तेव्हापासून त्या माळावर कोणी कोणाला बसा म्हणत नाही. टेका म्हणतात, दम घ्या म्हणतात. चुकून कोणाच्या तोंडून शब्द गेलाच, तर ज्याने म्हटले त्यानेच हात देऊन समोरच्याला उठवायचे. आपले आपण उठायचे नाही. गावातली लहान पोरेसुद्धा हे पाळतात. खेळताना मुद्दाम म्हणतात आणि मग हात ओढून एकमेकांना पाडतात.

तुमचा त्या गोष्टीवर कितपत विश्वास होता हे मला कधीच नीट कळले नाही. दरवर्षी तुळशीचे लग्न झाले की तुमच्या खेपा सुरू व्हायच्या, आणि पहिल्या खेपेला तुम्ही गाठोड्यातून एक हिरवी बांगडी काढून त्या उंच दगडाच्या पायाशी ठेवायचात. मी एकदा विचारले की तुमच्या मशिदीत हे चालते काय. तुम्ही म्हणालात, "हे काय पूजा हाय? गिऱ्हाईक हाय ते माझं. कधी भाव करत नाई, कधी रंग बदलून मांगत नाई. असं गिऱ्हाईक कोनाले भेटते?"

मग मागे एकदा दौऱ्यावर एक अधिकारी आला. त्याला जुन्या गोष्टींचा नाद होता. माळ पाहून तो म्हणाला की नागपूरकडे अशी वर्तुळे खूप आहेत, ही फार प्राचीन लोकांची पुरण्याची जागा असते, आत मडकी, लोखंडाची हत्यारे आणि हाडे सापडतात. मला इतका आनंद झाला की तुम्ही केव्हा भेटता असे झाले. पुढच्या बाजाराला डोंगर चढताना मी तुम्हाला सगळे सांगितले. मडकी सांगितली, हाडे सांगितली. तुम्ही ऐकत होता. माळ आल्यावर त्या उंच दगडापाशी तुम्ही उभे राहिलात.

"म्हंजे तुमी माझ्या नवरीले मारून टाकलं, गुरुजी."

हसून म्हणालात, पण त्या दिवशी बांगडी ठेवली नाहीत. परतीच्या वाटेने येताना ठेवलीत. का म्हणून विचारले तर म्हणालात, रुसली असती. तिथून आपला वाद जो लागला तो अखेरपर्यंत. मी म्हणायचो कबरी, तुम्ही म्हणायचात लग्न. तुम्ही विचारायचात की मेलेल्या माणसांना अशी गोल करून बसवतात काय. मी पुरावे सांगायचो. माझे सगळे पुरावे त्या एका अधिकाऱ्याच्या एका संध्याकाळच्या बोलण्यातले होते, पण मी ते असे सांगायचो जणू माझ्याच हाताने खणून काढले आहेत. मास्तराला हरता येत नाही. तुम्हाला हरण्याचे काहीच वाटत नव्हते, म्हणून मी आणखीच चिडायचो.

आता त्या शेवटच्या दिवसाचे.

त्या दिवशी तुम्ही मागे पडत होता. हे मी पाहिले होते. गाठोडे द्या माझ्याकडे, असे मी म्हणालोही. तुम्ही म्हणालात, "तुमी धरसान तं माळावर जाऊस्तोवर लय वाढतील." बांगडी फुटली असे तुमच्या तोंडून कधी निघायचे नाही, वाढलीच म्हणायचात, हा विनोद तुम्ही माझ्यावर आधीही केला होता. मी हसलो आणि पुढे चालू लागलो. जपानी बांगड्या आल्यापासून हलका माल झाला, पोरी चकाकी पाहतात, हे तुम्ही मागून अर्धे बोललात आणि थांबलात. मला वाटले तुम्ही वाद टाळत आहात. त्या दिवशी माझ्याजवळ एक नवा मुद्दा होता. तो मी दोन-चार दिवस मनात घोळवून ठेवला होता. आज तो मुद्दा मला आठवत नाही.

माळावर पोहोचून मी वळून पाहिले. तुमच्या ओठांचा रंग गेला होता. कपाळावर घाम होता आणि थंडीचा वारा सुटलेला. मी धावत आलो, गाठोडे उतरवून घेतले आणि म्हणालो, "बसा भाई. बसा, बसा."

शब्द गेला. वारा गवतावरून जात होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत आणि तुमच्या मिशा हलल्या.

"आखिर म्हनलेच तुमी."

आणि तुम्ही बसलात. वर्तुळात दोन दगडांच्या मध्ये एक जागा रिकामी आहे, तिथला दगड केव्हा तरी पडून घरंगळला असेल. तिथेच बसलात. चपला काढल्यात, पाठ दगडाला टेकलीत, पाय लांब केलेत. मी पाणी दिले. थोड्या वेळाने तोंडावर रंग आला. खाली नदीकडे पाहत तुम्ही म्हणालात, "बसल्यावर समजते गुरुजी, हे लोक काहून उठले नाई ते." मी ते ऐकले न ऐकल्यासारखे केले. तुम्हाला बरे वाटते आहे हे पाहून माझा मुद्दा मला पुन्हा आठवला होता, आणि मी तो मांडला. तुम्ही मान हलवत राहिलात.

मग तुम्ही हात पुढे केलात.

कादरभाई, मी तो धरला नाही. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी म्हणालो, आज एकदा पाहूच. तुम्ही आपले आपण उठा. काही होत नाही, हे मला उद्या शाळेत सांगता येईल. मला तेव्हा ते फार शहाणपणाचे वाटले. तुमचा हात काही वेळ तसाच हवेत राहिला. मग तुम्ही तो उलटा करून पाहिलात, त्याला काही लागले आहे की काय असा. मग त्या शेजारच्या दगडाला धरून उठलात. एकदा गुडघा टेकलात आणि पुन्हा उठलात. लुंगीवरची कुसळे झाडलीत. मी म्हणालो, पाहा, काही झाले का? तुम्ही म्हणालात, काई नाई.

पुढच्या वाटेवर तुम्ही पाटलाच्या मुलीच्या मनगटाविषयी बोललात, तिला कोणत्या मापाची बांगडी बसेल याविषयी. गाव आले, वाटा फुटल्या, तेव्हा जाता जाता म्हणालात, "त्या कबरीच्या गोष्टीचा जवाब हाय माझ्यापाशी. पुढल्या बाजाराले सांगतो." पुढच्या बाजाराला तुमच्या जागी मिरच्या होत्या.

काय होता जवाब? मी तुमच्या बाजूने विचार करून पाहतो. तुमच्यासारखे बोलून पाहतो. पण माझ्या डोक्यातले कादरभाई माझेच मुद्दे बोलतात आणि लवकर हरतात.

दगडांनी तुम्हाला नेले असे मी मानत नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले आहे आणि दर वेळी उत्तर तेच येते. तुमच्या छातीत आधीपासून काही असेल. तुम्ही कोणाला सांगितले नसेल. पण न मानून काहीच सुटत नाही. मानले असते तर निदान दगडांकडे बोट दाखवता आले असते. आता मला दिसतो तो नुसता एक हात, आणि पाठीमागे बांधलेले माझे दोन. फळ्यावर लिहिताना मध्येच मी माझ्या हाताकडे पाहतो. मुले थांबतात. मी पुन्हा लिहू लागतो.

तुमची माती मला मिळाली नाही. सर्विस मोटारीने मी कारंज्याला पोहोचलो तेव्हा बरेच दिवस उलटले होते. आधी कब्रस्तानात गेलो. कोणी तरी तुमची जागा दाखवली. माती अजून बसलेली नव्हती, आणि तिच्या कडेने कोणी गोटे लावून ठेवले होते. ते पाहून माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते लिहितो: हे आपल्या वादात मला उपयोगी पडेल. मग मी तिथून निघालो.

तुमच्या घरी जाऊन भाभींना सगळे सांगायचे, असे मी ठरवून आलो होतो आणि न सांगण्याच्या सबबीही बरोबर घेऊन आलो होतो. बाईमाणूस दुःखात आहे, त्यात भर कशाला. आणि भाभी त्या डोंगराखालच्याच गावच्या, माळाची रीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. हात दिला नाही हे ऐकून त्या काय मानतील? एकदा त्यांनी मानले, की तुमच्या घरात ते कायमचे खरे होणार. तुमच्या जावयाने ओट्यावर सतरंजी टाकली आणि तो दुकानात गेला. भाभी इद्दतीत होत्या, परक्या पुरुषापुढे यायचे नाही असे ते विधवेचे दिवस, म्हणून दाराच्या पडद्याआड. इतकी वर्षे तुमच्या तोंडून त्यांच्या हातच्या भाकरीपासून त्यांच्या रागापर्यंत सगळे मी ऐकले होते, पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी माझ्या बायकोचे विचारले. मुलांचे विचारले. मग म्हणाल्या, "माळावर तुमी संग होते. दम लागला होता म्हने. बाकी काई नाई सांगतलं त्यायनं."

तुम्ही त्यांना सांगितले नव्हते. मला झाकले होते. तुम्ही झाकले होते म्हणून गप्प राहणे फार सोपे होते, आणि मला वाटते मी राहिलोही असतो. पण तेवढ्यात त्यांनी विचारले, "तुमीच उठवलं ना त्याईले?"

मी पडद्याकडे पाहून सगळे सांगितले. बसा म्हणालो ते. तुम्ही हात केला ते. मी हात मागे घेतले ते, आणि काय म्हणून घेतले तेही. शब्द चुकू नयेत म्हणून हळू बोललो.

"हात द्याले पाहिजे होता," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"त्या गोट्यायसाठी नाई म्हनत मी. गोटे काय करते? दमलेल्या मानसानं हात केला, तं कोनी बी देते."

रागाने नाही. भाजीत मीठ कमी पडले हे सांगावे तशा आवाजात. मला तुमच्या माळापासून इथपर्यंत जे म्हणता आले नव्हते ते एवढेच होते. मी मान खाली घातली. माफी मागायला मी तोंड उघडले, पण त्यांना ती नको होती. त्या पुढचेच विचारत होत्या.

"बसले मंग?"

"बसले."

"कसे?"

मला प्रश्न कळला नाही.

"कसे बसले, गुरुजी? जिंदगी गेली त्यायची दुसऱ्याच्या बाया-पोरींपुढं उकिडवं बसून. घरी आले तं जेवाले बी उकिडवेच. मी म्हनो, अजी, मांडी तं घाला, आपलंच घर हाय. तं म्हनत, सवय मोडली तं धंदा बुडन. मी त्याईले आरामात बसलेलं कधी पायलंच नाई."

मी सांगितले. पाय लांब केले होते. दोन्ही? हो, दोन्ही. पाठ दगडाला टेकली होती. उन्हात की सावलीत? उन्हात, पण ऊन कोवळे होते. किती वेळ? बराच वेळ. माझे बोलणे लांबले म्हणून, हेही सांगितले. तुम्ही काय पाहत होता, हे त्यांनी विचारले. खाली नदी पाहत होते, म्हणालो. आणि ते वऱ्हाडी का उठले नाहीत याविषयी तुम्ही जे म्हणालात ते सांगितले.

त्या म्हणाल्या, "फिरून सांगा. पह्यल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगू लागलो. गाठोडे उतरवले, चपला काढल्या, त्या जोडीने बाजूला ठेवल्या. दुसऱ्यांदा सांगताना एक गोष्ट आठवली, जी मी तेव्हा पाहिली होती आणि पाहिल्याचे मला माहीत नव्हते. तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून डोळे मिटले होते. मी बोलत होतो आणि तुम्ही डोळे मिटून होता. तेही मी सांगितले. आत त्या रडू लागल्या. मी थांबलो नाही. त्यांनी थांबा म्हटले नव्हते.